वाकड्या बटणांचे डॉक्टर

हिंगोलीच्या कचेरीसमोरून दर बाजारच्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ काळी शेरवानी घालून जात असत, आणि त्या शेरवानीचे एकही बटण आपल्या जागी नसे. गळ्याचे बटण छातीच्या काजात, छातीचे पोटाच्या काजात, मधली काही उघडीच. त्यामुळे शेरवानीची एक बाजू गुडघ्याखाली लोंबे व दुसरी वीतभर वर ओढली जाई. टोपी नीटनेटकी, विजार परीटघडीची, बूट चकचकीत, काखेत छत्री, आणि मधोमध हा असा गोंधळ. हे गृहस्थ सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते व आता पेन्शन घेऊन छावणीच्या अंगास राहतात, असे सांगितले तर परगावच्या माणसास ते खरे वाटत नसे.

मी तेव्हा कचेरीच्या फाटकाशी सतरंजी टाकून अर्ज लिहीत असे, आजही लिहितो. माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंत, आणि उर्दू एका मौलवींच्या ओट्यावर झाले. तथापि साखऱ्यापासून वसमतेपर्यंतचे लोक माझे अक्षर ओळखीत, आणि माझा अर्ज साहेबांच्या मेजावर गेला म्हणजे साहेब तो शेवटपर्यंत वाचीत, असा लौकिक होता. माझे नाव विचारण्याची पाळी कोणावर येत नसे. 'मुन्शीजी' म्हटले की मी. या गोष्टीचा मला अभिमान होता व तो मी लपवीत नसे.

डॉक्टर समोरून जाऊ लागले की मी लेखणी खाली ठेवी आणि शेजारी बसणाऱ्या स्टांपवाल्यास म्हणे, "आज बाईसाहेब माहेरी गेलेल्या दिसतात." तो हसे. डॉक्टर फार पूर्वीच विधुर झालेले होते, हे आम्हां दोघांसही ठाऊक होते.

एकदा त्यांनी ते ऐकले. ते वळले, माझ्या सतरंजीच्या कडेवर बूट ठेवून उभे राहिले आणि पोटावरचे एक बटण छत्रीच्या टोकाने दाखवू लागले.

"मुन्शी, हे बटन पाह्यलं? गोरेगावच्या एका पाटलानं लावलं हे आज. डाव्या हातानं. हा हात मेला म्हनून लोकांनी सोडून देल्ता. चांगलं लागलं न्हाई?"

"वाकडे लागले आहे, डॉक्टरसाहेब," मी म्हणालो.

"लागलं ना पन?" असे म्हणून ते समाधानाने निघून गेले. म्हातारपणी बुद्धी फिरते, असे मी स्टांपवाल्यास समजावून सांगितले.

सदर डॉक्टरांचा स्वभाव अत्यंत भांडखोर होता. ताप, खोकला, पोटदुखी घेऊन कोणी त्यांच्या दारी गेले तर ते अंगावर धावून येत. "दवाखाना उघडा हाये, तिकडं जा! पेन्शन मी काहून घेतली मग?" मात्र ज्यांच्या अंगावरून वारे गेले आहे, ज्यास शहरातले लोक लकवा म्हणतात, त्या माणसाकडे ते न बोलावता जात. बैलगाडीने जात, पायी जात, आणि एकदा गेले की जातच राहत. रोगी कंटाळला तरी ते कंटाळत नसत. ते म्हणत, "वारं गेलं की पंधरा दिवस घरात जत्रा भरती. सोळाव्या दिवशी फक्त माश्या येत्यात. मी माश्यांसंगं येतो."

पहिल्या पंधरवड्यात मात्र ते कधीच जात नसत. आमच्या भागात अशा रोग्यास कबुतराचे रक्त चोळण्याची रीत आहे. गरम रक्त मेलेल्या अंगास जीव देते असे समजतात. डॉक्टर त्याविरुद्ध एक अक्षर बोलत नसत. दारात उभे राहून इतकेच विचारीत, "कबुतरं झाली का?" झाली नसल्यास परत फिरत. "ती होऊ द्या. तवर माझं कोनी ऐकत न्हाई."

रोग्याच्या ताटातले लोणचे ते उचलून स्वतः खात. रोग्याची तपकिरीची डबी खिशात घालीत व जाताना तिच्यातली चिमूट ओढून, डोळे मिटून, रोग्याच्या तोंडावर शिंकत. मीठ आणि तंबाखू ही त्यांची खास शत्रू. परंतु शत्रूचा माल लुटून खाण्यात त्यांस दोष वाटत नसे. एका व्यापाऱ्याने यावरून त्यांस तोंडावर फुकटे म्हटले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बराबर. तुमच्या पापडासाठीच येऊन राह्यलो मी. आता तो पाय उचला."

आता माझ्याविषयी लिहिणे भाग आहे, आणि ते लिहिताना मला अजूनही मान वर करवत नाही.

त्या दिवशी सकाळी मी साखऱ्याच्या एका शेतकऱ्याचा अर्ज लिहीत होतो. आमच्याकडे प्रत्येक अर्जाचा आरंभ 'गरीबपरवर' या शब्दाने होतो, म्हणजे गरिबांचे पालनकर्ते; हाकिमास उद्देशून. तो शब्द मी लिहिला आणि लेखणी हातातून गळाली. मी ती उचलू गेलो. हात गेलाच नाही. समोरचा शेतकरी मागे सरकला.

"मुन्शीजी, तुमचं तोंड..." तो म्हणाला.

मला बाजेवर घालून घरी आणले. उजवे अंग गेले होते, तोंड एका बाजूस ओढले गेले होते, आणि वाचा गेली होती. पूर्ण गेली असती तर बरे होते. एक शब्द तेवढा राहिला, शेवटी लिहिलेला. पाणी मागायचे असे, तोंडातून निघे, "गरीबपरवर." उशी सरकवायची असे, "गरीबपरवर." रागावून ओरडायचे असे, तरी "गरीबपरवर!" ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी याचना लिहिली, पण स्वतः कोणापुढे वाकला नाही, तो आपल्या बायकोस, उंबऱ्यास, मांजरास गरीबपरवर म्हणू लागला. माझी पत्नी पहिल्या दिवशी हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली. पुढे ती माझ्या आवाजावरून ओळखू लागली की कोणते गरीबपरवर पाण्याचे आणि कोणते मोरीचे.

त्याहून वाईट ते तोंड होते. खोटी शपथ घेतली की देव तोंड वाकडे करतो, हे आमच्याकडे लेकरासही ठाऊक असते. मी शपथा घेतल्या नव्हत्या. पण अर्ज मी लिहीत होतो, आणि अर्जात जे असते ते सर्वांस ठाऊक आहे. गावाने निकाल दिला. ज्याचा अर्ज अपुरा राहिला होता तो साखऱ्याचा शेतकरी मला पाहावयास आला. दारातूनच त्याने माझे तोंड पाहिले, स्वतःच्या दोन्ही गालांवर हलकेच चापट्या मारून घेतल्या, जशा देवळात मारतात, आणि निघून गेला. त्या दिवसापासून मी तोंडावर मफलर गुंडाळून घेऊ लागलो व भिंतीकडे वळून निजू लागलो.

पुन्हा वारे लागू नये म्हणून खोलीची कवाडे बंद केलेली होती. फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. अशा त्या अंधारात एके सकाळी दारातून आवाज आला, "कबुतरं झाली का?"

"झाली, साहेब," माझी पत्नी म्हणाली.

डॉक्टर आत आले आणि चिंध्या उपटू लागले. पत्नी घाबरली. "डाक्टरसाहेब, वारं लागंल त्यायला!"

"वारं जायचं ते गेलं, माय. चोर गेल्यावर कुलूप लावून राह्यल्या का?"

उजेड आत आला, आणि त्या उजेडात मी माझ्या सतरंजीवरून ज्यांस हसलो होतो ते गृहस्थ माझ्याकडे पाहत उभे होते. शेरवानी पूर्ण उघडी होती. मी मफलर वर ओढला.

त्यांनी प्रथम मला तपासलेच नाही. माझ्या पत्नीस ते म्हणाले, "तुमी जेवल्या का?"

"त्यांचं झाल्यावर जेवीन."

"म्हंजे न्हाई. झोपता का?"

त्यांनी तिची नाडी पाहिली, पाठ कोठे दुखते ते विचारले, मला कुशीवर वळवताना कमरेऐवजी गुडघे कसे वाकवावे हे स्वतः बसून उठून दाखविले, आणि विचारले, "नाव काय तुमचं?" परक्या पुरुषाने परस्त्रीचे नाव विचारणे हेच मुळी अनुचित. तिने मान खाली घालून सांगितले. "ह्या आजारात घरात दोन रोगी असत्यात," डॉक्टर म्हणाले. "एकाचं नाव समद्या तालुक्याला ठाऊक हाये. दुसऱ्याचं मला पाहिजे." त्या दिवसापासून ते फाटकातूनच तिला नावाने मोठ्याने हाक मारीत. मी आत संतापाने, निषेधार्थ ओरडत असे. काय ओरडत असे ते सांगण्याची गरज नाही.

मग ते माझ्याकडे वळले. माझ्या टाचा पाहिल्या, पाठीवर जखम होत आहे की काय ते पाहिले, मफलर खाली ओढला. "तोंडाचं लोक काय म्हनतात ते ऐकलं मी. खोटं लिहून तोंड वाकडं होत असतं तर अख्खी कचेरी वाकडी दिसली असती, मुन्शी." मग खाटेवर बसून त्यांनी छाती पुढे केली. "माझी फीस. बटन लावा."

त्या क्षणी मला ती सारी वाकडी बटणे समजली. साऱ्या तालुक्यातले अर्धमेले हात आठवड्यामागून आठवडे त्यांच्या छातीवर धडपडत होते, आणि सायंकाळपर्यंत ती धडपड जशीच्या तशी अंगावर वागवीत ते गावभर हिंडत होते. मी डोळे मिटून घेतले. ते हलले नाहीत. माझा उजवा हात त्यांनी उचलून आपल्या पोटावर ठेवला, तो घसरला, त्यांनी पुन्हा ठेवला. त्या दिवशी फीस मिळाली नाही. पुढच्या बाजारालाही नाही.

पुढे केव्हातरी एक बटण लागले. चुकीच्या काजात, पण लागले. डॉक्टर लहान पोरासारखे ओरडले आणि तडक कचेरीत गेले. मला वाटले, ते बटण तेवढे तरी झाकतील. स्टांपवाला संध्याकाळी येऊन सांगू लागला, "मुन्शीजी, पेशकारापासून चपराशापर्यंत समद्यायला दाखवलं त्यायनी. म्हने, हे मुन्शीचं." ज्या कचेरीत माझ्या अक्षराची वाखाणणी होत असे, तेथे आता माझ्या एका वाकड्या बटणाची होत होती. मी दोन दिवस जेवलो नाही.

चालण्याचा प्रकार याहून लाजिरवाणा होता. डॉक्टर माझ्या कमरेस उपरणे घट्ट बांधीत, त्यात मागून छत्रीची वाकडी मूठ अडकवीत, आणि मला अंगणात फिरवीत. मी कोसळू लागलो की ते छत्री ओढीत. बैलास वेसण पुढून असते, मला मागून होती. बोलण्यासाठी त्यांनी मला पाढे म्हणावयास लावले, आणि आश्चर्य असे की पाढे आले! 'बे एके बे' पासून अडखळत का होईना, पूर्ण आले. 'रामराम' आले. मात्र 'दोन' असा सुटा शब्द विचारला की गरीबपरवर. शेजारीण भिंतीवरून विचारी, "काय वो, तुमच्या घरी शाळा बसली का?"

मला हे सर्व आठवते ते त्यांच्या अंत्ययात्रेच्या दिवसासह. काही वर्षांनी ते वारले, एका हिवाळ्यात, झोपेत. त्यांच्या मागे आम्ही होतो: त्यांनी चालविलेले. कोणी डावा पाय ओढणारा, कोणी उजवा, कोणी काठीवर; गोरेगावचे पाटीलही आले होते. खांदेकऱ्यांस आमच्यासाठी सारखे थांबावे लागत होते. रस्त्यावर काही पोरे आमच्या चालीची नक्कल करून हसली, आणि मी, त्यांच्या तिरडीमागे चालत असतानाही, मफलर वर ओढला.

तथापि मूळ गोष्ट त्याआधीची, सनदेची, म्हणजे अर्ज लिहिण्याच्या परवान्याची आहे. अर्जनवीसास दर वर्षी तहसीलदारांपुढे उभे राहून सनद नवी करून घ्यावी लागत असे. रीत साधी होती: स्वतःचे नाव सांगायचे, एक अर्ज लिहायचा, तो वाचून दाखवायचा. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाचा अर्ज त्यास वाचून दाखवता आला नाही, तर तो अर्जनवीस कसला? माझी तारीख आली तोपर्यंत हातात लेखणी धरवत होती. तोंडात मात्र पाणी, हो, नको, रामराम, पाढे आणि तो एक शब्द इतकेच होते. माझ्या जागेवर दुसऱ्या एकाने सतरंजी टाकली होती. सनद गेली की जागा गेली, आणि जागा गेली की मी कोणीच नव्हतो. माझे घर त्या सतरंजीवर चालत होते.

मी जाणार नाही असे मानेने सांगितले. तोंड सरळ होईपर्यंत नाही.

"ते पुरतं सरळ होनार न्हाई," डॉक्टर म्हणाले. त्यांनी हे इतके साधेपणाने सांगितले की माझी पत्नी हातातले काम टाकून उठून गेली. "तोंड असंच राह्यील. तुमाला कचेरीत न्यायचं ते याच तोंडानं. उठा."

उन्हाळा होता. मी मफलर गुंडाळला. डॉक्टर म्हणाले, "थंडी वाजून राह्यली का?" आणि मागून छत्री अडकविली. असे आम्ही भर बाजारातून निघालो: पुढे मी, मागे छत्री, छत्रीमागे उघडी शेरवानी. वसमतेहून आलेल्या हळदीच्या गाड्या रस्त्यात उभ्या होत्या. गाडीवान उठून पाहू लागले. डॉक्टर प्रत्येक दुकानापुढे मला उभे करीत. "रामराम घाला, मुन्शी. ते येतं तुमाला." मी घातले. एक दुकानदार दुसऱ्यास म्हणाला, "बैल विकायला काढला का काय डाक्टरनं?" डॉक्टर मागे न पाहता ओरडले, "तुला परवडनार न्हाई!"

तहसीलदार नवीन आलेले होते. पण सभ्य होते. माझी ती अवस्था पाहून त्यांनी खुर्ची देवविली. मी बसलो नाही. कचेरीत सारे जमा झाले होते: पेशकार, चपराशी, स्टांपवाला, आणि माझ्या जागेवरचा तो दुसरा.

"आपका नाम?" तहसीलदारांनी विचारले.

मी तोंड उघडले. "गरीबपरवर," मी म्हणालो.

त्यात कोणास काही वावगे वाटले नाही. हाकिमापुढे तोच शब्द योग्य होता. "हां, आगे बोलो," ते म्हणाले.

पुढे काही नव्हते. माझे नाव कोठेच नव्हते. हजारो अर्जांखाली मी ते लिहिले होते, आणि आता तोंडात शोधू गेलो तर तेथे मोकळी जागा होती. चपराशास दया आली. तो सांगू लागला, तोच डॉक्टरांनी छत्री त्याच्या छातीवर आडवी धरली.

"थांबा. येऊन राह्यलं."

"लेकिन, डॉक्टरसाहब..."

"येऊन राह्यलं म्हन्लं ना!"

त्या म्हाताऱ्याने सारी कचेरी गप्प उभी केली. बाहेर गाडीबैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. माझ्या कपाळावरून घाम मफलरात उतरत होता. मी मफलर काढून टाकला, कारण श्वास घेता येईना. आणि तेव्हा काहीतरी हलले. जिभेवर एक नाव आले, पूर्ण, स्वच्छ, मी ते पकडले आणि मोठ्याने उच्चारले.

ते माझ्या पत्नीचे नाव होते.

ज्यांचा जन्म या भागात झाला नाही त्यांस याची कल्पना येणार नाही. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, मी तिला 'अगं' म्हणत आलो. घरातसुद्धा तिचे नाव मी कधी तोंडातून काढले नव्हते. ते मी भर कचेरीत, हाकिमापुढे, स्वतःचे म्हणून सांगितले. प्रथम स्टांपवाला हसला. मग सर्व हसले. तहसीलदारांनी तोंडावर रुमाल धरला. मी जमिनीकडे पाहत राहिलो. ती दुभंगली असती तर मी उपकार मानले असते.

एकटे डॉक्टर आनंदाने उडत होते. "नवा शब्द! साहेब, नवा शब्द बोलले! नाव चुकलं आसंल, पन घर तर बराबर हाये ना?"

तहसीलदार खूप हसले आणि त्यांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली. तेव्हा नाव सांगता आले नाही तर जागा त्या दुसऱ्याची, असेही सांगितले.

बातमी आमच्या आधी घरी पोहोचली होती. माझी पत्नी माजघराच्या दाराआड उभी होती. ती रागाने बोलली, आणि डॉक्टरांशी ती तशी पहिल्यांदाच बोलत होती. "आता मी आडावर कोन्या तोंडानं जाऊ?"

"घागर घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. पण त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. ते ओट्यावर बसले. "मला एक सांगा. या घरात मुन्शीला नावानं कोन हाका मारतं?"

"सासूबाई मारायच्या. त्या वारल्या."

"अन् पोरगी?"

"ती वसमतला देली. ती दादा म्हनायची."

"गावातले?"

"मुन्शीजी."

"अन् तुमी?"

तिने पदराचे टोक दातात धरले. "मी कशी घेईन?"

डॉक्टरांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "म्हंजे इतकी वरसं या मानसाच्या कानावर त्याचं नावच पडलं न्हाई! अन् मी गाढव, मीबी मुन्शी मुन्शीच करत राह्यलो. या घरात मी एकच नाव पेरत होतो, ते उगवलं. दुसरं काहून उगवंल?" मग ते तिला म्हणाले, "तुमाला घ्यावं लागंल."

"तुमीच घ्या की."

"मी घेईन. पन मी बाजाराच्या बाजारी येतो. रोज पानी देताना, भाकर वाढताना, उठवताना कोन घेईल?"

"धन्याचं नाव घेतलं की आयुष्य घटतं म्हनतात, साहेब."

"आयुष्य घटायचं ते घटलं. उरलेलं मुक्यानं काढायचं का नावानं, तेवढं बोला."

ती म्हणाली, "उखाण्यात घेते."

"उखाण्यात नाव शेवटी येतं. तवर मुन्शीचा कान थकतो. सरळ घ्या."

"मग तुमी भाईर बसा."

डॉक्टरांनी छत्री घेतली, आम्हां दोघांस आत घातले आणि बाहेरून कवाड ओढून घेतले. मी खाटेवर बसलो. ती कणगीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या मानेवर मला काटा दिसत होता. तिने एकदा घसा साफ केला, पुन्हा थांबली, आणि मग माझे नाव घेतले, इतके हलके की जणू ते फुटेल.

मला ते ओळखू आले नाही. अर्जांच्या तळाशी जे नाव मी ऐटीत लिहीत असे ते हे नव्हते. हे कोणा तरुण मुलाचे नाव होते, जो एकदा आईच्या हाकेसरशी घरात धावत येत असे. मी तोंड उघडले. पहिले अक्षर आले, मग अर्धे नाव आले, वाकड्या ओठातून, लाळेसह. तिने मागे वळून पाहिले. मी मफलर शोधू लागलो. तो कचेरीत राहिला होता.

बाहेरून छत्री आपटल्याचा आवाज आला. "काय चाललंय? मला काहीच ऐकू आलं न्हाई!"

तिने डोळे पुसले, कवाडाकडे तोंड केले, आणि रागाने, लाजेने, सारी मर्यादा सोडून, माझे नाव असे घेतले की शेजारच्या अंगणातले कांडण थांबले. तिच्या पाठोपाठ मी घेतले. पूर्ण. गल्लीत कोणीतरी हसले. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू शकलो नाही. ती कणगीकडे पाहत होती, मी जमिनीकडे.

ओट्यावरून डॉक्टर म्हणाले, "पुन्ना."